गरोदरपणात हिरड्यांतून रक्त येतंय? कोणत्या क्रमाने काय करायचं

गरोदर बाईच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं की बहुतेक घरांत एकच क्रम चालतो. आधी ब्रश हलका होतो, मग बंदच होतो आणि बोटाने मंजन लावलं जातं. कुणीतरी तुरटीच्या गुळण्या सांगतं. ठणका लागला की मेडिकलमधून गोळी येते. शेवटी दाताच्या डॉक्टरांची पायरी चढली जाते तेव्हा आठवा महिना लागलेला असतो आणि खुर्चीत उताणं झोपणंही जड जातं. या क्रमात शेवटी जे होतं, ते आधी व्हायला हवं. खालचे टप्पे त्या हिशेबाने लावले आहेत.

अजून दिवस गेलेले नसतील, फक्त विचार चालू असेल, तर त्याहून चांगली वेळ नाही. टप्पा ३ आजपासून सुरू करा आणि हिरड्या तपासून घ्या. महिन्यांचं गणित तुम्हाला लागू नाही.

## सुरुवातीला एवढं समजून घ्या

दात आणि हिरडी यांच्या फटीत जो चिकट थर बसतो, तो जिवाणूंचा असतो. तो रोज काढला नाही तर घट्ट होऊन त्याचं कीटण होतं. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन ही संप्रेरकं (हार्मोन्स) वाढतात, हिरड्यांचा रक्तपुरवठा वाढतो, आणि पूर्वी जेवढ्या थराने फारसं काही होत नव्हतं तेवढ्यानेच हिरडी लाल होऊन सुजते. प्रिव्होटेला इंटरमीडियासारखे काही जिवाणू तर या संप्रेरकांवरच पोसतात. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या माहितीनुसार ६० ते ७५ टक्के गरोदर स्त्रियांच्या हिरड्यांना सूज येते. म्हणजे हे सर्रास होतं. पण सर्रास होतं म्हणून सोडून द्यावं, असा त्याचा अर्थ नाही.

बाळाचा संबंध येतो तो दोन वाटांनी. हिरडी रक्ताळलेली असली की तोंडातले जिवाणू रक्तात उतरू शकतात. फ्युजोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम हा जिवाणू तिथून वारेपर्यंत पोचू शकतो. २०१० साली अमेरिकेतल्या एका घटनेत, दिवस भरत आले असताना पोटात दगावलेल्या बाळात सापडलेला हा जिवाणू आईच्या हिरडीखालच्या जिवाणूशी तंतोतंत जुळला होता. अशी घटना अत्यंत विरळा. घाबरून जाण्यासाठी नव्हे, वाट खरी आहे हे कळावं म्हणून सांगतोय. दुसरी वाट दाहाची. हिरडीत जुना संसर्ग असला की शरीर प्रोस्टाग्लँडिनसारखी रसायनं तयार करत राहतं, आणि कळा सुरू होण्यात याच रसायनांचा हात असतो. ज्यांच्या हिरड्यांचा आजार दाताभोवतीच्या हाडापर्यंत गेला आहे अशा स्त्रियांमध्ये ३७ आठवड्यांआधीची प्रसूती आणि अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ जास्त आढळतं, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

आता दुसरी बाजू, जी जाहिरातींत येत नाही. २००६ साली अमेरिकेत ८२३ गरोदर स्त्रियांवर झालेल्या मोठ्या चाचणीत निम्म्या जणींच्या हिरड्यांवर २१ आठवड्यांच्या आत उपचार केले आणि बाकीच्यांचे प्रसूतीनंतर. हिरड्या सुधारल्या, उपचारांनी अपाय झाला नाही, पण अकाली प्रसूतीचं प्रमाण जवळपास तेवढंच राहिलं: आधी उपचार घेतलेल्यांत १२ टक्के आणि बाकीच्यांत १२.८ टक्के. तेव्हा ‘क्लीनिंग करा, म्हणजे बाळ वेळेवर होईल’ अशी हमी कुणी देत असेल तर ती मानू नका. आणि ‘गरोदरपणात दातांना हातच लावायचा नाही’ हेही मानू नका. उपचार करायचे ते तुमच्या हिरड्यांसाठी. ते सुरक्षित आहेत, आणि हिरडीतला जुना पू अंगात वागवत नऊ महिने काढण्यात काहीच शहाणपण नाही.

## टप्पा १: आरसा, उजेड आणि पाच मिनिटं

सकाळी दात घासण्याआधी खिडकीपाशी किंवा मोबाइलच्या टॉर्चमध्ये बघा. ओठ बोटांनी बाजूला करा. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू आणि वरच्या दाढांची गालाकडची बाजू या दोन जागा आवर्जून पाहा, कारण कीटण तिथेच आधी बसतं.

हे शोधा:

- हिरडीची कड लालभडक, चकचकीत, फुगलेली आहे का
- दोन दातांमधला हिरडीचा त्रिकोण दाबला की रक्त किंवा पू येतो का
- एखादा दात हलतो का, पूर्वीपेक्षा लांब दिसतो का
- चूळ भरल्यावरही तोंडाला वास राहतो का
- दोन दातांमध्ये लाल, मांसल गाठ आली आहे का

नुसती लाली आणि ब्रश करताना येणारं थोडं रक्त ही बहुधा वरवरची सूज असते. ती पूर्ण भरून येते. पू, हलणारा दात, मागे सरकलेली हिरडी यांचा अर्थ आजार हाडापर्यंत पोचला असण्याची शक्यता आहे. आपल्याकडे ज्याला पायोरिया म्हणतात तो हाच. तो घरच्या सफाईने जात नाही.

लक्षात ठेवा: तंबाखू किंवा मशेरीची सवय असेल तर हिरड्यांतून रक्त कमी येऊ शकतं. रक्त नाही म्हणून हिरड्या ठीक आहेत, असं अशा वेळी समजू नका. रक्तक्षय असला की हिरड्या फिकट दिसतात, त्यामुळे लालीवरूनही फसगत होते. आणि लोहाच्या औषधाने दातांवर आलेले काळे डाग म्हणजे हिरड्यांचा आजार नव्हे.

## टप्पा २: जाण्याआधी कागद जमवा

हा टप्पा लोक हमखास वगळतात. मग दाताचे डॉक्टर म्हणतात, ‘तुमच्या मॅडमचं पत्र आणा’, आणि दोन आठवडे हकनाक जातात. एका पिशवीत हे ठेवा:

१. एमसीपी कार्ड (माता-बाल संरक्षण कार्ड) किंवा दवाखान्याची फाइल, शेवटच्या सोनोग्राफीसह. तिच्यातले आठवडे महत्त्वाचे. ‘पाचवा लागलाय’ यावरून डॉक्टरांना नेमका हिशेब लागत नाही.

२. हिमोग्लोबिन, रक्तातली साखर, रक्तदाब आणि प्लेटलेट यांचे अलीकडचे आकडे. गरोदरपणातला मधुमेह असेल तर आवर्जून सांगा. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्यांतला संसर्ग साखर आटोक्यात येऊ देत नाही.

३. चालू असलेली सगळी औषधं, पाकिटांसकट. दोन औषधांचा विसर पडता कामा नये: कमी मात्रेची ॲस्पिरिन आणि रक्त पातळ ठेवणारी हेपारिनची इंजेक्शनं.

४. कशाची ॲलर्जी आहे, आधीची प्रसूती दिवस भरण्याआधी झाली होती का, वार खाली असल्याचं सांगितलं आहे का, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला आहे का.

मग पुढच्या तपासणीला स्त्रीरोगतज्ज्ञांना सरळ विचारा: ‘मला हिरड्यांचं क्लीनिंग करून घ्यायचंय, काही अडचण आहे का?’ त्यांच्याकडून एक ओळ लिहून घेतली की काम झालं. सरकारी दवाखान्यात जात असाल तर दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, तिथेही हे विचारता येतं. उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात दातांचा विभाग आहे का आणि कोणत्या वारी, हे आशाताईंना विचारा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत हिरड्यांचा स्वतंत्र विभाग आहे आणि खर्चही थोडा येतो.

सावधान: दात साफ करायचेत म्हणून ॲस्पिरिन किंवा हेपारिन आपल्या मनाने बंद करू नका. ती रक्तदाबासाठी किंवा वारेच्या रक्तपुरवठ्यासाठी दिलेली असतात. काय करायचं ते दोन डॉक्टरांनी मिळून ठरवायचं.

## टप्पा ३: घरची सफाई (तारीख मिळेपर्यंत थांबू नका)

या टप्प्यावर सगळ्यात जास्त गडबड होते, म्हणून जरा सविस्तर.

रक्त येतं म्हणून ब्रश सोडणं ही पहिली चूक. थर साचला म्हणून रक्त येतं. ब्रश सोडला की थर वाढतो आणि रक्तही. मऊ ब्रिसलचा, लहान डोक्याचा ब्रश घ्या आणि वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट. ब्रश दातावर सपाट धरू नका. केस हिरडीच्या कडेकडे तिरपे धरा, म्हणजे अर्धे दातावर आणि अर्धे हिरडीवर येतील. जागच्या जागी छोटे छोटे हेलकावे द्या, मग पुढच्या दोन दातांकडे सरका. दोन मिनिटं, दिवसातून दोनदा. रात्रीचं घासणं जास्त महत्त्वाचं, आणि नेमकं तेच टळतं, कारण गरोदर बाई नऊलाच पेंगुळलेली असते. मग जेवण झाल्या झाल्या घासून टाका, झोपेपर्यंत थांबायची गरज नाही.

दोन दातांमधली जागा ब्रशला सापडत नाही. तिथे फ्लॉस किंवा फटी मोठ्या असतील तर बारीक इंटरडेंटल ब्रश, रोज एकदा. सेफ्टी पिन, काडी, कानातल्याची तार यांतलं काहीही नको. हिरडीला जखम होते आणि जिवाणूंना रक्तात जायला आयता रस्ता मिळतो.

उलटीनंतर लगेच ब्रश ही दुसरी चूक. पोटातल्या आम्लाने दाताचा वरचा थर काही वेळ मऊ पडलेला असतो, त्यावर ब्रश फिरवला की तो झिजतो. पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून चूळ भरा आणि थुंकून टाका. गिळू नका, सोड्यात सोडियम असतं. ब्रश तासाभराने. (सोडा म्हणजे पोहे-ढोकळ्याला लागतो तो, फसफसणारं पित्ताचं चूर्ण नव्हे, त्यात आम्ल असतं.)

ब्रश तोंडात घातला की उमळून येत असेल तर लहान मुलांचा ब्रश वापरा, पेस्ट अगदी थोडी घ्या किंवा स्वाद बदला, मान खाली घालून नाकाने श्वास घ्या. सकाळीच घासलं पाहिजे असं काही शास्त्र नाही. मळमळ ज्या वेळी कमी, त्या वेळी नीट घासा.

मशेरी. इथे भीड ठेवून चालणार नाही. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. दात घासायच्या नावाखाली तो दिवसातून तीन-चार वेळा हिरडीला लावला जातो आणि तिथून निकोटिन थेट रक्तात जातं. मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात मशेरीसारखा धूर नसलेला तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं आणि अकाली प्रसूतीचं प्रमाणही बरंच जास्त होतं. पोटातल्या बाळाच्या दृष्टीने मशेरी सोडणं हे क्लीनिंगच्याही आधीचं काम आहे. ‘मशेरीशिवाय पोट साफ होत नाही’ ही अडचण खरी असते, पण ती डॉक्टरांना सांगा. बद्धकोष्ठतेवर गरोदरपणात चालणारी औषधं आहेत. घरातली सासू किंवा आई लावत असेल तर डबी तिच्या हातालाही सहज लागणार नाही अशी व्यवस्था करा, नाहीतर सुटत नाही. राखुंडी आणि खरखरीत लाल मंजन तंबाखूइतकं घातक नाही, पण ते दात झिजवतं, तेही थांबवा.

कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा चालतात, सुजेला बरं वाटतं. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश डॉक्टरांनी सांगितला तरच आणि सांगितले तेवढेच दिवस घ्या, नाहीतर दातांवर डाग पडतात. पेस्ट आणि त्याच्यात अर्धा तास अंतर ठेवा. यांपैकी कशानेही चिकटलेलं कीटण निघत नाही.

तपासा: नीट सफाई सुरू केल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत रक्त स्पष्ट कमी व्हायला हवं. नाही झालं तर खाली कीटण आहे असं समजा. मात्र या दोन आठवड्यांसाठी डॉक्टरांची तारीख पुढे ढकलू नका, दोन्ही गोष्टी एकदमच चालू द्या.

## टप्पा ४: वेळ ठरवा, आणि माहेरचा हिशेब धरा

तपासणी कोणत्याही महिन्यात करता येते. क्लीनिंगसाठी सगळ्यात सोयीचा काळ साधारण १४ ते २० आठवड्यांचा: मळमळ ओसरलेली असते, पोट अजून आड येत नाही. त्यानंतरही करता येतं, फक्त बसणं अवघड होत जातं. ठणका, पू, सूज असेल तर महिना बघायचाच नाही. तिसरा असो की नववा, त्याच दिवशी जायचं.

आपल्याकडे पहिलटकरीण सातव्यात माहेरी जाते आणि हिरड्यांचे उपचार निम्म्यात राहतात. वरच्या दाढा झाल्या, खालच्या ‘पुढच्या वेळी’, आणि ती पुढची वेळ येते बाळ वर्षाचं झाल्यावर. म्हणून डोहाळजेवणाच्या तारखेआधी सगळ्या भेटी बसवा. जमलं नाही तर कोणत्या बाजूचं काम झालं, कोणतं उरलं, हे कागदावर लिहून घ्या आणि माहेरच्या गावी कुणाला दाखवायचं ते आधीच ठरवा.

## टप्पा ५: खुर्चीत बसल्यावर

रिकाम्या पोटी जाऊ नका. तास-दीड तास आधी हलकं खा. बसताच सांगा: किती आठवडे, कोणती औषधं. तीन महिने पूर्ण व्हायचे आहेत आणि घरीही सांगितलेलं नाही, म्हणून काही जणी दाताच्या डॉक्टरांपासूनही लपवतात. असं करू नका.

झोपण्याची पद्धत. वीस आठवड्यांनंतर सपाट उताणं झोपलं की गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येतो, रक्तदाब उतरतो, गरगरतं, घाम फुटतो. उजव्या कुल्ल्याखाली छोटी उशी किंवा गुंडाळलेला टॉवेल ठेवून किंचित डाव्या कुशीवर कलून बसा. खुर्चीची पाठ थोडी उंच ठेवायला सांगा. भोवळ वाटली तर हात वर करा आणि डाव्या कुशीवर वळा. त्यात संकोच कसला?

डॉक्टर एक बारीक, खुणा असलेली सळई हिरडीच्या फटीत घालून खोली मोजतील. १ ते ३ मिलिमीटर ठीक. ४ आणि त्यापुढे आकडे यायला लागले, तिथे रक्त किंवा पू आला, की आजार आत गेल्याचं कळतं. हे आकडे लिहून मागा, पुढे उपयोगी पडतात. वरवरचं कीटण मशीनने निघतं. खोल फटी असतील तर हिरडीखालची मुळं घासून साफ करावी लागतात. ते एक-दोन वेळा भूल देऊन, तोंडाचा एकेक भाग घेऊन करतात.

नेहमी अडणाऱ्या दोन शंका. भुलेचं इंजेक्शन: लिग्नोकेनची जागेवरची भूल गरोदरपणात चालते; दुखणं सोसत बसण्याची गरज नाही. एक्स-रे: गरज असेल तर दाताचा छोटा एक्स-रे काढता येतो. त्याचा मारा फारच थोडा आणि तोंडापुरता असतो. पोटावर आणि गळ्यावर शिशाचं आवरण मागून घ्या. गरज नसताना मात्र कुठलाच एक्स-रे नको. दात पांढरे करून घेणं, कॅप बसवणं अशी हौसेची किंवा थांबू शकणारी कामं बाळंतपणानंतर.

गैरसमज: ‘क्लीनिंगने दात सैल होतात.’ कीटणाने फटी बुजलेल्या असतात. ते निघालं की फटी जाणवतात आणि काही दिवस गार पाणी झोंबतं. दात सैल झाला असेल तर तो आजाराने आधीच झालेला असतो.

## टप्पा ६: गोळ्या

- दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टर सांगतील त्या मात्रेत. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि त्यांची मिश्रणं मेडिकलमधून आणू नका. वीस आठवड्यांनंतर ती बाळाच्या मूत्रपिंडावर आणि गर्भजलावर परिणाम करू शकतात. पाकिटावर बारीक अक्षरात दोन औषधांची नावं असतात, दोन्ही वाचा.
- टेट्रासायक्लिन आणि डॉक्सिसायक्लिन नको, बाळाच्या दातांवर कायमचे डाग पडतात. घरात उरलेली अँटिबायोटिकची पट्टी तर मुळीच नको.
- अँटिबायोटिक हे क्लीनिंगच्या जागी नसतं. गोळीने सूज उतरते, कीटण तिथेच राहतं आणि सूज परत येते.

ताबडतोब रुग्णालयात: गाल किंवा जबड्याखाली वाढती सूज, ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास. श्वास अडत असेल तर १०८ ला फोन करा. अंगावरून पाणी किंवा रक्त जात असेल, पोट ठरावीक वेळाने आवळत असेल, बाळाची हालचाल कमी वाटत असेल, तर दाताचं काम तिथेच सोडून प्रसूतिगृह गाठा.

## टप्पा ७: पुन्हा तपासणी आणि बाळंतपणानंतर

खोल सफाई झाल्यावर चार ते सहा आठवड्यांनी तीच सळई, तीच मोजणी. आकडे खाली आले का ते विचारा. ही भेट सर्रास चुकवली जाते, कारण तोवर दुखणं थांबलेलं असतं.

दोन दातांमध्ये आलेली लाल गाठ बघून घरात कर्करोगाची चर्चा सुरू होते. गरोदरपणातली अशी गाठ बहुतेकदा साधी असते आणि प्रसूतीनंतर आपोआप आक्रसते. दाखवायची मात्र नक्की. चावताना मध्ये येत असेल किंवा रक्त थांबत नसेल, तर डॉक्टर ती आधीही काढतात.

बाळाने आईच्या दातांतलं कॅल्शियम ओढून घेतलं म्हणून दात पडतात, हे खरं नाही. दातातून कॅल्शियम असं निघत नाही. दात जातात ते कीड आणि हिरड्यांच्या आजाराने. कॅल्शियमच्या गोळ्या घ्यायच्या त्या तुमच्या आणि बाळाच्या हाडांसाठी. त्या घेतल्या म्हणून हिरड्या बऱ्या होत नाहीत.

बाळंतिणीला ‘दात आंबतील, गार लागेल’ म्हणून सव्वा महिना ब्रश देत नाहीत. कोमट पाण्याने घासा, पण घासा. या दिवसांत डिंकाचे लाडू, खीर, शिरा असं गोड आणि चिकट खाणं चालू असतं, रात्री-अपरात्रीही. प्रत्येक वेळी निदान चूळ भरा. लाल हिरड्या प्रसूतीनंतर काही आठवड्यांत निवळतात. तीन महिन्यांनीही रक्त येतच असेल तर तो संप्रेरकांचा भाग उरलेला नाही. बाळाच्या लसीकरणाला बाहेर पडाल त्याच दिवशी स्वतःचीही वेळ घ्या आणि मोजणीचा जुना कागद बरोबर न्या.